मोटरहोमचं दार लॉक होत नाही? पॅड उघडण्याआधी हे तपासा

दाराचं इलेक्ट्रिक लॉक बंद पडलं की नवा मालक आधी दाराचा पॅड, म्हणजे आतल्या बाजूचं आवरण, उचकटतो आणि नवी मोटर आणवतो. मोटर बसते, पैसे जातात, लॉक मात्र तसंच राहतं. कारण बरेचदा बिघाड मोटरमध्ये नसतोच. बॅटरीपासून मोटरपर्यंत वीज ज्या वाटेनं येते त्या वाटेवर फ्यूज आहे, रिले (विजेनं चालणारा छोटा स्विच) आहे, बिजागरीजवळ सतत वाकणारी वायर आहे, चार-पाच जोड आहेत आणि गाडीच्या सांगाड्याला बोल्टनं आवळलेला अर्थ, म्हणजे वीज बॅटरीकडे परत नेणारा जोड, आहे. गोव्यात हरमल, मोरजी किंवा पाळोळ्याला समुद्राजवळ गाडी काही आठवडे उभी राहिली की खारं वारं यातल्या कुठल्यातरी तांब्याच्या जोडावर हिरवट थर चढवतं. जून ते सप्टेंबरचा पाऊस उरलेलं काम करतो. म्हणून शोध बॅटरीकडून दाराकडे घ्यायचा. पॅड सर्वांत शेवटी.

आपल्याकडच्या बऱ्याच मोटरहोम ट्रॅव्हलर किंवा विंगरसारख्या गाड्यांवर बांधलेल्या असतात. ड्रायव्हरच्या केबिनची दारं कंपनीची आणि मागचा राहता भाग बॉडीवाल्यानं घडवलेला. त्यामुळे वायरींचे रंग गाडीगणिक बदलतील. तपासण्याचा क्रम बदलत नाही.

आधी चावी, मग वीज

बिघाड शोधायला बसण्याआधी दोन गोष्टींची खात्री करा. बाहेरून साध्या चावीनं दार उघडतं का, आणि आतून विजेशिवाय बाहेर पडता येतं का.

रिमोटच्या पोटात बरेचदा चावीचं पातं दडलेलं असतं. काही गाड्यांत चावीचं भोक हँडलवरच्या प्लॅस्टिकच्या टोपीमागे असतं आणि मालकाला ते माहीतच नसतं. फक्त रिमोट वापरत राहिलं की हे भोक जाम होतं आणि गरज पडते त्याच दिवशी चावी फिरत नाही. अधूनमधून चावीनंच दार उघडत जा आणि भोकात थोडी ग्रॅफाइट पावडर फुंका. खोबरेल तेल नको. कोणीतरी ते सुचवणारच, पण तेलावर आपली तांबडी धूळ बसते आणि आत चिकट लगदा होतो.

आतून बाहेर पडण्याचा प्रश्न जास्त गंभीर आहे. मागच्या भागात गॅसची शेगडी असते आणि माणसं झोपतात. बॅटरीचा मुख्य स्विच बंद करा, दार लॉक ठेवा आणि आतल्या हँडलनं उघडून पाहा. उघडलं नाही तर दाराच्या कडेला असलेला चाइल्ड लॉकचा छोटा खटका चुकून लागलाय का बघा. तोही नसेल, तर बाकी सगळं सोडून हे आधी दुरुस्त करून घ्या. तोवर त्या गाडीत कोणी झोपू नये.

कोणतं लॉक कोणत्या बॅटरीवर

मोटरहोममध्ये दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिनाची, दुसरी राहत्या भागातल्या दिवे, पंखे, फ्रिज यांसाठी. केबिनच्या दारांचं सेंट्रल लॉक सहसा इंजिनाच्या बॅटरीवर चालतं. मागच्या दाराचं लॉक कशावर जोडायचं हे बॉडीवाल्यानं ठरवलेलं असतं, आणि तुम्हाला ते कोणी सांगितलेलं नसतं. कळायला सोपं आहे. राहत्या भागाच्या बॅटरीचा स्विच बंद करून मागच्या दाराचं बटण दाबा. लॉक चाललं तर ते इंजिनाच्या बॅटरीवर, नाही चाललं तर दुसरीवर. उत्तर कागदावर लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा.

आता मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) लावा. इंजिन बंद करून काही तास उलटलेली लेड ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२ च्या खाली गेली की तिच्या भरवशावर राहू नका. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. इंजिन चालू केल्यावर लॉक नीट चालत असेल आणि बंद केल्यावर मलूल होत असेल, तर दाराकडे जायचीच गरज नाही. बॅटरी भरा किंवा बदला.

राहत्या भागात लिथियम बॅटरी असेल तर वागणूक वेगळी. ती जवळजवळ रिकामी होईपर्यंत व्होल्टेज फारसं उतरत नाही. मग तिच्यातलं संरक्षक सर्किट एकदम वीज तोडतं आणि टोकांवर काहीच मिळत नाही. रात्रभर फ्रिज चालला, सकाळी मागचं दार, दिवे, पंप सगळंच एकदम मेलं, तर लॉकचा काही दोष नाही. चार्जर किंवा सोलर लावला की बॅटरी बहुधा पुन्हा जागी होते.

बॅटरीच्या टोकांवर पांढरा किंवा हिरवट चुरा जमला असेल तर ती घासून घट्ट करा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. किनाऱ्याजवळ हे काम पावसाआधी एकदा आणि पावसानंतर एकदा करावंच लागतं.

कान लावा

या कामात सर्वांत उपयोगी हत्यार फुकटचं आहे. एकानं आत बसून बटण दाबायचं, दुसऱ्यानं दाराला कान लावायचा. आजूबाजूला शांतता हवी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराशेजारी गाडी लावून हे जमणार नाही.

एकाही दारातून आवाज नाही: फ्यूज, मुख्य रिले, स्विच किंवा बॅटरी. दारांना हात लावू नका.

एकच दार गप्प, बाकीची चालू: त्या दाराच्या बिजागरीतली वायर, तिथला प्लग किंवा ती मोटर. बहुतेक वेळा वायर.

दारातून जोरदार खट् आवाज येतो, पण लॉकचा खटका हलत नाही: वीज पोचतेय, मोटरही फिरतेय. मोटर आणि लॅच (चौकटीत अडकून दार पकडणारा भाग) यांना जोडणारा लोखंडी रॉड निसटलाय किंवा त्याची प्लॅस्टिकची क्लिप तुटलीय. चोर्ला घाटातून किंवा अनमोडहून खडखडत आल्यावर हे झालं असेल तर पहिला संशय इथेच घ्या.

हळू, दबका, अर्धवट आवाज: कमी व्होल्टेज किंवा जाम झालेला लॅच. फरक ओळखायला दार उघडं ठेवून बटण दाबा. उघड्या दारात लॉक मोकळेपणानं चालत असेल तर दार चौकटीत नीट बसत नाहीये, विजेचा संबंध नाही.

लॉक होतं पण अनलॉक होत नाही, किंवा उलट: ही खूण नवख्यांना गोंधळात टाकते, पण शोध सोपा करते. लॉकच्या मोटरला फक्त दोन वायरी असतात. वीज एका दिशेनं दिली की रॉड ओढला जातो, उलट दिशेनं दिली की ढकलला जातो. दिशा बदलायचं काम रिले करतात. मोटर एका दिशेनं चालते म्हणजे ती आणि तिच्या दोन्ही वायरी शाबूत आहेत. दोष रिलेमध्ये, स्विचमध्ये किंवा, क्वचित, एकाच दिशेला अडणाऱ्या लॅचमध्ये.

ऐकताना एक पथ्य पाळा. दहा-पंधरा वेळा सलग बटण दाबू नका. बऱ्याच मोटरमध्ये तापल्यावर वीज रोखणारा भाग असतो. तो लागला की चांगली मोटरही काही मिनिटं गप्प बसते आणि तुम्ही भलत्याच निष्कर्षावर येता.

फ्यूज

गाडीच्या पुस्तिकेत सेंट्रल लॉकचा फ्यूज कुठे ते दिलेलं असतं. बॉडीवाल्यानं मागच्या लॉकसाठी वेगळा फ्यूज बसवलेला असतो, बहुधा राहत्या भागाच्या बॅटरीजवळ किंवा एखाद्या बाकड्याखाली. पात्यांच्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: १० अँपियर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. जितक्याचा होता तितक्याचाच लावा. चंदेरी कागद गुंडाळणं किंवा १५ च्या जागी ३० खुपसणं म्हणजे फ्यूजऐवजी वायर जळू देणं, आणि मोटरहोममध्ये त्या वायरीभोवती प्लायवूड आणि फोम असतो.

नवा फ्यूज लगेच उडाला तर तो कधी उडाला ते बघा. बटण न दाबताच उडत असेल तर शॉर्ट फ्यूजपासून रिलेपर्यंतच्या वायरीत. बटण दाबल्यावर उडत असेल तर रिलेच्या पुढे, दाराकडे. तेव्हा एकेका दाराचा प्लग काढत जा. ज्याचा प्लग काढल्यावर फ्यूज टिकतो, ते दार गुन्हेगार.

बिजागरीतली वायर

दार उघडलं की बिजागरीजवळ चौकट आणि दार यांच्यामध्ये रबरी नळी दिसते. तिच्यातून सगळ्या वायरी जातात आणि दर उघडझापीला वाकतात. काही वर्षांनी एखादी आतून तुटते. बाहेरचं प्लॅस्टिक शाबूत असतं, म्हणून नुसतं बघून कळत नाही. आपल्याकडे यात भर पडते ती पाण्याची. रबर फाटलं की पावसाचं पाणी नळीत साचतं आणि तांबं आतल्या आत काळं-हिरवं होतं.

परीक्षा अशी: एकानं बटण दाबत राहायचं (मध्ये थांबत, वरचं पथ्य विसरू नका) आणि दुसऱ्यानं दार हळूहळू उघडबंद करायचं. एखाद्या कोनात लॉक चालतं आणि दुसऱ्या कोनात नाही, तर वायर तुटलेली आहे. मग रबर एका बाजूनं सरकवून एकेक वायर दोन बोटांत धरून हलकेच ओढा. तुटलेली वायर रबरासारखी ताणली जाते.

तुटलेल्या जागीच पीळ देऊन टेप गुंडाळू नका. तो जोड पुन्हा वाकेल आणि पुन्हा तुटेल. वाकणाऱ्या भागातली वायर काढून तिथे नवी लवचिक वायर घाला आणि दोन्ही जोड नळीच्या बाहेर ठेवा, एक दारात, एक चौकटीत. सोल्डर करा, वर आतून गोंद असलेली, तापवल्यावर आकसणारी हीट श्रिंक नळी चढवा.

सरकत्या दाराला अशी नळी बरेचदा नसते. दार बंद झालं की दाराच्या कडेचे स्प्रिंगवाले पितळी खिळे चौकटीवरच्या पट्ट्यांना टेकतात आणि तेवढ्यापुरती वीज मिळते. म्हणजे सरकतं दार पूर्ण बंद असल्याशिवाय त्याचं लॉक विजेवर चालणारच नाही. हे ठाऊक नसल्यानं कितीतरी धडधाकट लॉक खोलली जातात. पट्ट्या बारीक पॉलिश पेपरनं घासा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, खिळे बोटानं दाबून परत उसळी घेतात का ते बघा. किनाऱ्यावर मुक्काम असेल तर हे काम वरचेवर निघेल.

मल्टिमीटर फसवतो, बल्ब नाही

इथे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण नवशिके इथेच अडकतात. मल्टिमीटर वीज जवळजवळ घेतच नाही. दहातल्या नऊ तारा तुटलेली, एका तारेवर लोंबणारी वायरही त्याला १२.५ व्होल्ट दाखवते. मोटर मात्र काही अँपियर मागते आणि त्या एका तारेतून ते येत नाहीत. शिवाय लॉकला वीज मिळते ती एखादा सेकंदच. स्वस्त मीटरचा आकडा स्थिर होईपर्यंत ती गेलेली असते.

त्यापेक्षा इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा साधा बल्ब घ्या, होल्डरला दोन वायरी आणि टोकांना क्रोकोडाइल क्लिप लावा. हा बल्ब पावणेदोन अँपियरच्या आसपास घेतो, म्हणजे वायरीचा खरा दम काढतो. एलईडीचा टेस्टर चालणार नाही. तो मीटरसारखाच फसवा आहे.

पॅड उघडल्यावर मोटरचा प्लग काढा. प्लगच्या दोन मोटर-वायरींना बल्बच्या क्लिपा लावा आणि आतून लॉक-अनलॉक दाबायला सांगा. दोन्ही वेळा बल्ब लखकन पेटला तर वीज उत्तम पोचतेय, दोष मोटर किंवा लॅचमध्ये. मिणमिणला तर वाटेत गंजलेला जोड किंवा सैल अर्थ. दोहोंपैकी एकदाच पेटला तर रिले किंवा स्विच. मुळीच पेटला नाही तर तीच परीक्षा चौकटीकडच्या प्लगवर करा. तिथे पेटतो आणि दारात पेटत नाही, म्हणजे दोष मधल्या नळीत.

अर्थ तपासायला बल्बची एक क्लिप बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरी सेंट्रल लॉकचा अर्थ जिथे सांगाड्याला आवळलाय तिथल्या लगला, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीला, लावा. वायर लांब लागेल. पूर्ण उजेड हवा. कमी असेल तर बोल्ट काढा, खालचा रंग आणि गंज चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, घट्ट करा आणि वरून ग्रीस लावा. फायबरच्या बॉडीत हे विशेष महत्त्वाचं. फायबरमधून वीज जात नाही, त्यामुळे मागच्या दाराचा अर्थ लांबच्या वायरीनं सांगाड्यापर्यंत नेलेला असतो.

हा बल्ब फक्त लॉकच्या मोटर-वायरी, बॅटरी आणि अर्थ यांनाच लावायचा. पिवळ्या आवरणातल्या वायरी किंवा पिवळे प्लग दिसले तर ते बहुधा एअरबॅगचे असतात. त्यांना हात लावू नका.

मोटर आणि रॉड

बल्ब लखलखीत पेटला, तर आता मोटरची पाळी. तिचा प्लग काढलेलाच ठेवा. हे महत्त्वाचं आहे, कारण बऱ्याच गाड्यांत बटण सोडलेलं असताना दोन्ही मोटर-वायरी रिलेमधून अर्थला जोडलेल्या असतात. प्लग न काढता बाहेरून वीज दिलीत तर थेट शॉर्ट होईल. १० अँपियरचा फ्यूज मध्ये घालून बॅटरीवरून दोन वायरी आणा, मोटरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा, मग अदलाबदल करून पुन्हा क्षणभर. दोन्ही दिशांना जोरदार हालली तर मोटर ठीक. रॉड काढल्यावर हालते आणि लावल्यावर अडते, तर लॅच साफ करून सिलिकॉन किंवा पांढरं लिथियम ग्रीस द्या. डब्ल्यूडी-४० हा स्प्रे गंज सैल करायला छान आहे, पण वंगण म्हणून टिकत नाही.

मोटर खरोखर गेली असेल, तर दोन वायरींची साधी मोटर म्हापसा, मडगाव, फोंड्याच्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानांत मिळते. ड्रायव्हरच्या दारात पाच वायरींची मोटर असू शकते. त्यातल्या दोन मोटरच्या, बाकी तीन आतल्या छोट्या स्विचच्या, जो इतर दारांना हुकूम देतो. जुनी मोटर हातात घेऊनच दुकानात जा.

सगळी दारं आपोआप लॉक-अनलॉक होऊ लागली, विशेषतः पावसात, तर त्याच पाच वायरींवर संशय घ्या. ड्रायव्हरच्या दारात पाणी शिरून तो स्विच खोटे हुकूम सोडतो. प्लग काढल्यावर तमाशा थांबला तर कारण सापडलं.

दार बसत नसेल तर

गाडी उतारावर किंवा एक चाक खड्ड्यात असताना उभी केली की लांब बॉडी किंचित पिळवटते आणि मागचं दार चौकटीत घासतं. आधी गाडी सपाट जागी आणा आणि मगच तपासा. सपाट जागेवरही दार उचलून लावावं लागत असेल तर बिजागरीचे स्क्रू आवळा किंवा चौकटीवरचा स्ट्रायकर (लॅच ज्यात अडकतो तो तुकडा) किंचित सरकवा. सरकवण्याआधी पेन्सिलीनं त्याच्या मूळ जागेची खूण करून ठेवा. लॅचच पकडत नसेल, तर दार दोरीनं बांधून गाडी चालवू नका.

रिमोट आणि कीपॅड

आतल्या बटणानं लॉक चालतं आणि रिमोटनं नाही, तर रिमोटची बटण-बॅटरी बदला. तीवर सीआर२०३२ किंवा तत्सम क्रमांक असतो, तोच आणा. चड्डीच्या खिशात रिमोट घेऊन समुद्रात उतरला असाल तर ताबडतोब बॅटरी काढा, सर्किट गोड्या पाण्यानं हलकेच धुवा, नीट वाळवा. बॅटरी आत राहिली तर खारं पाणी काही तासांत तांब्याच्या रेषा खातं. मागच्या दाराला आकडे दाबायचं कीपॅड असेल तर त्याच्या आत बरेचदा स्वतंत्र सेल असतात, तसं असेल तर गाडीच्या बॅटरीशी त्याचा संबंध नसतो.

मेस्त्रीकडे जाताना

रिलेचा दोष निघाला, कंट्रोल युनिट बदलायची वेळ आली किंवा नवा रिमोट गाडीशी जुळवायचा असेल, तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. “लॉक चालत नाही” एवढंच सांगितलंत तर तो पहिल्यापासून सुरुवात करेल आणि तेवढ्या वेळाचे पैसे घेईल. असं सांगा: “मेस्त्री, डावीकडचं दार लॉक होतं, अनलॉक होत नाही. प्लगवर बल्ब लावला तर लॉकला पेटतो, अनलॉकला नाही. फ्यूज ठीक आहे, बॅटरी १२.६ आहे.” तो थेट रिलेकडे वळेल.

जोड मारताना शेजारी उभे राहा. उघडा पीळ आणि वर काळी टेप, असं चालवून घेऊ नका. जोड दाराच्या वरच्या अंगाला बांधून घ्या, तळाशी नको. काचेच्या फटीतून दारात पाणी शिरतंच आणि तळाच्या छोट्या भोकांतून बाहेर पडतं. ती भोकं तांबड्या मातीनं बुजलेली असतील तर पॅड बसवण्याआधी काडी घालून मोकळी करून घ्या, आणि पॅडमागचा प्लॅस्टिकचा कागद फाटला असेल तर तोही बदलून घ्या.